धावणाऱ्याचं भान सुटतं तेव्हा: उन्हातल्या शर्यतींसाठी आयोजकांची तयारी

उष्माघाताची सगळ्यात घातक बाजू ही की ज्याला तो होतोय त्याला ते कळत नाही. पाय दुखला तर पळणारा थांबतो, दम लागला तर वेग कमी करतो. पण शरीराचं आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर चढलं की मेंदूचाच कारभार बिघडतो, आणि थांबायचं की नाही हे ठरवणारा तोच असतो. माणूस झोकांड्या खात पुढे जात राहतो, थांबवायला आलेल्यावर चिडतो, नाव विचारलं तर भलतंच काही बोलतो. म्हणून उन्हातल्या शर्यतीत ‘ज्याने त्याने आपली काळजी घ्यावी’ हे म्हणणं पुरत नाही. ज्या क्षणी काळजी घ्यायची असते, त्या क्षणी धावणारा ती घेण्याच्या स्थितीत नसतो. त्याच्या वतीने निर्णय घेणारं कुणीतरी रस्त्यावर उभं असावं लागतं आणि त्याची नेमणूक आयोजकाने आधीच केलेली असावी लागते.

१९८४ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली. ५ ऑगस्टच्या त्या शर्यतीत स्वित्झर्लंडची गाब्रिएला अँडरसन-शीस स्टेडियममध्ये शिरली तेव्हा तिचं अंग एका बाजूला कललं होतं, पाय सरळ पडत नव्हता. शेवटच्या फेरीला तिला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला. डॉक्टर जवळ गेले तेव्हा तिने त्यांना दूर राहायला खुणावलं, कारण कुणाचा हात लागला तर आपण बाद होऊ ही भीती. तिला घाम येतोय हे पाहून डॉक्टरांनी तिला जाऊ दिलं. ती ३७वी आली आणि सुदैवाने काही तासांत सावरली.

या प्रसंगातून आयोजकांनी दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात. पहिली, आता नियम वेगळा आहे. शर्यतीने नेमलेल्या वैद्यकीय पथकाने धावपटूला हात लावून तपासलं तर ती बाहेरची मदत धरली जात नाही. हे बिब (धावपटूच्या छातीवरचा क्रमांक) वाटपाच्या वेळी आणि सुरुवातीच्या रेषेवर मराठीत, मोठ्याने सांगा, कारण आजही पुष्कळ धावणारे तपासणीला घाबरून डॉक्टरला चुकवतात. दुसरी गोष्ट घामाची. कातडी कोरडी पडणं हे उष्माघाताचं लक्षण आपण शाळेत शिकलो, पण ते प्रामुख्याने उन्हाळ्यात घरात वा शेतात आजारी पडलेल्या वयस्कर माणसांना लागू पडतं. धावताना उष्माघात झालेल्याचं अंग घामाने निथळत असू शकतं. घाम बघून ‘ठीक आहे, जाऊ दे’ म्हणणारा स्वयंसेवक धोक्याचा ठरू शकतो.

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत होते, पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन डिसेंबरात. त्या मोठ्या शर्यतींकडे डॉक्टरांची पथकं असतात आणि अनुभवही असतो. मला काळजी वाटते ती तालुक्यातालुक्यात उगवलेल्या ५, १० आणि २१ किलोमीटरच्या शर्यतींची. मार्चमध्ये महिला दिनाची दौड, १ मे रोजी महाराष्ट्र दिनाची, एखाद्या संस्थेच्या वर्धापनदिनाची. हौस खरी असते, कार्यकर्ते मनापासून राबतात. पण टी-शर्टच्या रंगावर तीन बैठका होतात आणि बर्फाचा विषय एकाही बैठकीत निघत नाही.

तारीख आणि वेळ

उन्हातल्या शर्यतीतला सर्वांत मोठा वैद्यकीय निर्णय डॉक्टर घेत नाही. तारीख ठरवणारी समिती घेते. एकदा एप्रिलचा रविवार छापला की पुढची सगळी व्यवस्था ही त्या निर्णयाची डागडुजी असते. दिनविशेषाचा आग्रह असेल तर त्या दिवशी तीन किलोमीटरची चालफेरी ठेवा आणि शर्यत नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. हंगामाच्या कडेला असलेले महिनेही फसवे असतात. फेब्रुवारीच्या शेवटी उकाडा अचानक चढतो, थंडीत सराव केलेलं शरीर त्याला सरावलेलं नसतं, आणि पहिल्या कडक उन्हाचा तडाखा जास्त बसतो. ऑक्टोबरचंही तेच.

पहाटे सुरू केलं की प्रश्न मिटला, हा समज कोकणपट्टीत आणि मुंबई-ठाण्यात तपासून पाहायला हवा. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उन्हाच्या भीतीने रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू केली होती. सूर्य नव्हताच. तरी तापमान ३२ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर होती. ६८ जणी निघाल्या, ४० जणींनी शर्यत पूर्ण केली. या साऱ्याजणी जगातल्या निवडक धावपटू होत्या. हवेतच इतकी वाफ असली की घाम येतो पण सुकत नाही, आणि सुकला नाही तर अंग थंड होत नाही. विदर्भ-मराठवाड्यात उलट परिस्थिती असते. तिथे घाम सुकतो, पहाट सुसह्य असते, पण सूर्य वर आला की तासाभरात रस्ता तापतो.

म्हणून सुरुवातीची वेळ शेवटून मोजा. सगळ्यात हळू धावणारा किती वाजता परत येणार? अर्धमॅरेथॉनचा कट-ऑफ, म्हणजे ती पूर्ण करण्याची कमाल मुदत, साडेतीन तासांचा ठेवला आणि झेंडा सहाला हलला, तर शेवटची बाई साडेनऊला पोचेल. एप्रिलच्या साडेनऊला तुम्ही स्वतः डांबरी रस्त्यावर उभं राहून पाहा. मग झेंडा पाचला हवा, की कट-ऑफ तीन तासांचा हवा, की २१ किलोमीटरची शर्यतच नको, हे आपोआप सुचेल.

आणि झेंडा ठरल्या मिनिटाला हलला पाहिजे. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याकडे शर्यत लांबते ती बहुतेक वेळा पाहुण्यांमुळे. मान्यवर यायचे असतात, सत्कार व्हायचा असतो, भाषण व्हायचं असतं. सुरुवातीच्या रेषेवर दोन हजार माणसं दाटीवाटीने उभी राहून तापत असतात. इकडचे चाळीस मिनिटांचे सत्कार तिकडे शेवटच्या धावपटूच्या वाट्याला सर्वांत कडक चाळीस मिनिटांचं ऊन होऊन येतात. पाहुण्यांना निमंत्रण देतानाच नम्रपणे कळवा की झेंडा वेळेवर हलेल, आपण उशिरा आलात तर बक्षीस समारंभ आपल्या हस्ते होईल. मोठ्या माणसांना हे समजतं. वेळ बदलायचीच तर अलीकडे आणा. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उकाड्यामुळेच उत्तरेला साप्पोरोला हलवली होती, आणि तिथेही ऑगस्ट २०२१ मध्ये महिलांची शर्यत आदल्या संध्याकाळी निर्णय घेऊन सातऐवजी सहाला सुरू केली.

मोबाईलवरचं तापमान पुरेसं नाही

फोनमध्ये दिसणारा आकडा दूरच्या वेधशाळेतल्या सावलीतला असतो. तुमच्या रस्त्यावरचं ऊन, दमटपणा आणि वारा त्यात नसतो. शर्यतींसाठी वापरायचं माप म्हणजे वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर, ज्याला धावण्याच्या क्षेत्रात डब्ल्यूबीजीटी म्हणतात. अमेरिकेत १९५०च्या दशकात सैनिकांच्या प्रशिक्षणात उष्माघाताचे बळी जाऊ लागले, तेव्हा ते तयार झालं. त्यात तीन तापमापक असतात. एक ओल्या कापडात गुंडाळलेला, एक काळ्या गोळ्याच्या आत, एक साधा. पहिल्याला ७० टक्के, दुसऱ्याला २० टक्के आणि तिसऱ्याला १० टक्के वजन देऊन एक आकडा काढतात. ओल्या कापडाला इतकं वजन आहे यातच दमटपणाचं महत्त्व दिसतं. हातात मावणारी उपकरणं मिळतात. एका शहरातल्या चार क्लबांनी मिळून एक घेतलं तरी चालेल.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या मार्गदर्शनात हा आकडा २८च्या वर गेला की सामूहिक शर्यत रद्द करावी किंवा पुढे ढकलावी असं म्हटलं आहे. २३ ते २८ हा लाल पट्टा, म्हणजे मोठा धोका. आता आपला हिशोब करून पाहा. मे महिन्यात किनाऱ्यावर पहाटे २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर सूर्य उगवायच्या आधीच हा आकडा २६च्या घरात जातो. उन्हं वर आली की २८ ओलांडायला फार वेळ लागत नाही. ‘आपली माणसं उन्हाला सरावलेली आहेत’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. उन्हात राबणारी माणसं सरावलेली असतात, दिवसभर एसीत बसून शनिवार-रविवारी पळणारी नसतात. शिवाय जानेवारीत मुंबई मॅरेथॉनसाठी लंडनहून, न्यू जर्सीहून येणारी आपलीच मराठी मंडळी बर्फातला सराव घेऊन थेट दमट हवेत उतरतात. त्यांना तर खास सांगायला हवं.

मर्यादा जागेप्रमाणे बदलते, हेही खरं. मिनेसोटाच्या ट्विन सिटीज मॅरेथॉनचे वैद्यकीय प्रमुख राहिलेले डॉ. विल्यम रॉबर्ट्स यांनी थंड प्रदेशातल्या शर्यतींमधल्या आजाऱ्यांच्या नोंदी अभ्यासल्या. सुरुवातीच्या वेळी हा आकडा २०.५च्या वर असेल तर तिथे वैद्यकीय यंत्रणा कोलमडते, असं त्यांना दिसलं. आपली मर्यादा त्याहून वर असेल. पण ती अंदाजाने ठरवता येत नाही, त्यासाठी आपल्या शर्यतींच्या नोंदी हव्यात. त्या जमेपर्यंत २८ ही वरची रेघ माना, आणि किनाऱ्यावर त्याच्या अलीकडेच थांबा.

मार्गावर झेंडे लावा: हिरवा, पिवळा, लाल, काळा. हिरव्यात नेहमीसारखं पळा. पिवळ्यात वेग कमी करा. लाल लागला की वेळेची शर्यत संपली, उरलेलं अंतर चालत-पळत काढा. काळा म्हणजे शर्यत थांबली. प्रत्येक पाण्याच्या ठिकाणी झेंडा असावा आणि तो बदलायचा आदेश एकाच ठिकाणाहून निघावा.

थांबवण्याचा अधिकार

शर्यत थांबवण्याचा अधिकार कुणाचा, हे आधी लिहून ठेवलं नसेल तर तो वेळेवर कुणाचाच नसतो. अध्यक्ष प्रायोजकाकडे बघतात, प्रायोजक पोलिसांकडे, पोलीस अध्यक्षांकडे. समितीच्या ठरावात एक वाक्य असू द्या की वैद्यकीय प्रमुखाने सांगितलं की शर्यत थांबेल आणि तो शब्द अंतिम असेल. प्रायोजकाच्या करारातही हेच वाक्य घाला.

थांबवण्याच्याही चांगल्या-वाईट वेळा असतात. ७ ऑक्टोबर २००७ रोजी शिकागो मॅरेथॉनमध्ये पारा ३१ अंशांपर्यंत चढला. काही ठिकाणी पाणी संपलं, रुग्णवाहिका अपुऱ्या पडल्या, आणि साडेतीन तासांनंतर आयोजकांनी शर्यत थांबवली. पण थांबवली म्हणजे काय? हजारो माणसं शहरभर पसरलेली होती, त्यांना परत यायला चालणं हाच मार्ग होता, आणि उन्हात तेवढंच अंतर जास्त वेळ चालावं लागलं. त्या दिवशी एका धावपटूचा मृत्यूही झाला, त्याला हृदयाचा दोष असल्याचं पुढे निष्पन्न झालं. शिकागोने पुढे रंगांच्या इशाऱ्याची पद्धत स्वीकारली.

बोस्टनने २०१२ मध्ये वेगळा मार्ग काढला. एप्रिलमध्ये तिशी ओलांडणाऱ्या उकाड्याचा अंदाज होता. आयोजकांनी नोंदणी केलेल्यांना सांगितलं की यंदा पळू नका, तुमचा प्रवेश पुढच्या वर्षी धरू. चार हजारांहून जास्त लोक सुरुवातीच्या रेषेवर आलेच नाहीत. तरी पळालेल्यांपैकी दोन हजारांवर लोकांना उपचार लागले. हे चार हजार रस्त्यावर असते तर काय झालं असतं, याचा विचार करावा. आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी ट्विन सिटीज मॅरेथॉन पहाटेच, एकही पाऊल पडण्याआधी रद्द झाली. लोक रागावले असतील. पण सगळे घरी गेले.

यातून आपल्याला घेण्यासारखं असं. नोंदणीच्या अर्जावरच छापा की उकाडा वाढला तर २१ किलोमीटरची शर्यत १० किलोमीटरची होऊ शकते, रद्दही होऊ शकते, आणि प्रवेश पुढच्या वर्षी वापरता येईल. पैसे आणि मेडल यांची हमी आधी दिली असेल तर आयोजकाचा हात निर्णय घेताना कापत नाही आणि धावणाराही हट्ट करत नाही. शर्यत मध्येच थांबवावी लागली तर त्यासाठी बस ठरवलेल्या हव्यात, वाटेवरच्या शाळा आणि मंगल कार्यालयं उघडून ठेवलेली हवीत. थांबलेल्या शर्यतीत पाण्याची ठिकाणं सर्वांत शेवटी उठवायची असतात.

अर्जावर ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर धावत आहे’ अशी सही घेतली की आपण मोकळे, असं समजणाऱ्या आयोजकांनी वकिलाला विचारून घ्यावं. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूबद्दल आहे आणि त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. अर्जावरच्या सहीने ते कलम रद्द होत नाही. परवानगी देणाऱ्या पोलीस आणि पालिका अधिकाऱ्यांनाही माझी विनंती आहे. वाहतुकीचा नकाशा मागता तसा वैद्यकीय आराखडाही मागा, आणि बर्फ किती, टब किती, शर्यत कोण थांबवणार हे त्यात शोधा. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानात कार्यक्रमाला नुसती बसलेली १४ माणसं उन्हाने गेली. पळणाऱ्याच्या शरीरात तर आतूनही उष्णता तयार होत असते.

छोटी शर्यत म्हणून सैल पडू नका

पूर्ण मॅरेथॉन धोक्याची आणि १० किलोमीटर सुरक्षित, असं वाटणं साहजिक आहे. उष्माघाताच्या बाबतीत ते चुकीचं आहे. शरीरात उष्णता किती वेगाने तयार होते हे वेगावर ठरतं, आणि कमी अंतराच्या शर्यतीत माणूस जोरात पळतो. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या चाचणीत पाच किलोमीटर पळताना कोसळून काही उमेदवार दगावले. ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत १० किलोमीटरच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक तरुण गेले. नोकरीसाठी पळणारा मुलगा थांबत नाही, चक्कर आली तरी थांबत नाही. म्हणून गावोगावच्या भरतीपूर्व अकादम्यांनाही हा लेख तितकाच लागू आहे. भर दुपारी सराव घेऊन ‘कणखर’ करणं बंद करा.

पाणी

पाण्याचा हिशोब पहिल्या हजार धावपटूंसाठी होतो आणि शेवटच्या पाचशेंना रिकामे ग्लास मिळतात. २०१८ची लंडन मॅरेथॉन तिथली तोवरची सर्वांत गरम, २४.१ अंशांची. आपल्याला हा आकडा थंड वाटेल, पण थंडीत सराव केलेल्या लोकांना तो जड गेला आणि काही ठिकाणी पाणी संपलं. पुढून जाणारा धावपटू उकाड्यात एकाऐवजी तीन ग्लास उचलतो, एक पितो आणि दोन डोक्यावर ओततो. त्याने ते करायलाच हवं. म्हणून पिण्याचं आणि ओतण्याचं पाणी वेगळं ठेवा. दोन हजार धावपटू असतील, तर प्रत्येकी २०० मिली पिण्यासाठी आणि तेवढंच अंगावर घेण्यासाठी, असं एका ठिकाणी ८०० लिटर लागतं. ओतण्याचं पाणी टँकरचं, पिंपात, मगासकट चालेल. प्रत्येक ठिकाणचा चौथा हिस्सा साठा ताडपत्रीखाली झाकून ठेवा आणि शेवटच्या तासाआधी त्याला कुणालाही हात लावू देऊ नका. अंतर सुरुवातीला अडीच किलोमीटर चालेल, उत्तरार्धात दीडवर आणा.

जास्त पाणी पाजणं मात्र उपकार नाही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्यपेक्षा कमी आढळलं. मुख्य कारण होतं गरजेपेक्षा जास्त पिणं. यात हळू पळणारे, चार तासांहून जास्त वेळ मार्गावर असणारे अधिक सापडतात, कारण त्यांना प्यायला वेळ मिळतो. तहान लागेल तेवढं प्या, हीच सूचना योग्य. इलेक्ट्रोलचं पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळा, ‘जरा कडक’ करून अर्ध्या लिटरात नको. कोसळलेल्या प्रत्येकाला सलाईन लावण्याची आपल्याकडची सवयही इथे घातक ठरू शकते. सोडियम तपासल्याशिवाय साधं सलाईन चढवलं तर पाण्याने फुगलेला मेंदू आणखी फुगू शकतो.

बर्फ

आता मुख्य गोष्ट. या लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल: उष्माघात झालेल्याला आधी थंड करा, मग रुग्णालयात हलवा. इतर बहुतेक आणीबाणीत आपण रुग्णवाहिकेकडे धावतो. इथे तो वेळ मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड शिजवत असतो. कोसळल्यापासून अर्ध्या तासात आतलं तापमान ४० अंशांच्या खाली आणलं तर माणूस जवळजवळ नेहमी वाचतो.

याचा पुरावा मॅसॅच्युसेट्समधल्या फालमथ रोड रेसचा आहे. ऑगस्टच्या दमट हवेत होणारी ही सुमारे ११ किलोमीटरची शर्यत. तिथल्या १८ वर्षांच्या नोंदींमध्ये उष्माघाताचे २७४ रुग्ण होते. सगळ्यांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बुडवण्यात आलं आणि सगळेच्या सगळे वाचले. त्यासाठी महागडं यंत्र लागलं नाही. टब, पाणी, बर्फ आणि शिकवलेली माणसं लागली.

अंतिम रेषेजवळ आणि मार्गाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात टब ठेवा. १५० ते २०० लिटरचा प्लास्टिकचा टब किंवा लहान मुलांचा फुगवायचा पोहण्याचा हौद चालतो. बर्फाच्या कारखान्यातून किंवा मासळी बाजारातून लाद्या आदल्या रात्री आणून भुग्यात, गोणपाटात ठेवा, पहाटे फोडा. रुग्णाला काखेखालून चादर घालून टबात बसवा. चादरीची टोकं मागे उभ्या माणसाने धरायची, म्हणजे डोकं पाण्याखाली जात नाही. मान आणि डोक्यावर बर्फाच्या पाण्यातला ओला टॉवेल, आणि हाताने पाणी सतत ढवळत राहा, कारण स्थिर पाण्यात अंगालगत कोमट थर साचतो. टब नसेल तर ताडपत्री. रुग्णाला मध्ये झोपवून चार-सहा जणांनी कडा उचलून धरायच्या, आत बर्फाचं पाणी ओतायचं आणि हलवत राहायचं. तेही जमलं नाही तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या टॉवेलांनी सगळं अंग झाका आणि दर दोन मिनिटांनी टॉवेल बदला. काखेत बर्फाच्या दोन पिशव्या ठेवून समाधान मानू नका, त्याने काहीच भागत नाही. पॅरासिटामॉलही देऊ नका, हा संसर्गाचा ताप नाही.

तापमान कुठे मोजायचं याबद्दल आपल्याकडे संकोच आहे, आणि तो संकोच जीव घेऊ शकतो. कपाळावर धरायचं यंत्र, कानातलं, काखेतलं, तोंडातलं, पळून आलेल्या घामेजल्या माणसाच्या बाबतीत सगळी चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवतात. विश्वासार्ह तापमान गुदद्वारातूनच मिळतं. म्हणून वैद्यकीय तंबूत पडद्याची आडोशाची जागा हवी, महिला डॉक्टर आणि महिला स्वयंसेविका हव्यात, आणि नोंदणी अर्जात याची स्पष्ट, साध्या शब्दांत माहिती हवी. ३९ अंशांच्या जरा खाली आलं की टबातून बाहेर काढा, नाहीतर उलट अंग फार गार पडतं. मोजायची सोय अजिबात नसेल आणि माणूस भ्रमात असेल, तर संशयावरून थंड करायला सुरुवात करा.

सगळेच कोसळणारे उष्माघाताचे नसतात. अंतिम रेषा ओलांडून एकदम थांबल्यामुळे रक्तदाब घसरून पडलेला माणूस पाय वर केल्यावर काही मिनिटांत नीट बोलू लागतो. जो प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वासही घेत नाही, त्याला छातीदाब आणि एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र. मधला जो आहे, श्वास चालू पण बडबड असंबद्ध, त्याच्यासाठी टब. स्वयंसेवकांना, बहुतेकदा ते एनएसएसची कॉलेजची मुलं असतात, आदल्या दिवशी दोन तास हेच शिकवा. नाव काय, कुठून आलात, आता किती किलोमीटर झाले? तीन प्रश्न. उत्तर चुकलं, चिडचिड दिसली, पाय लटपटले, तर त्या धावपटूला थांबवायचा अधिकार त्या मुलाचा आहे, असं आयोजकाने सर्वांसमोर जाहीर करा. अठरा वर्षांच्या मुलीला पंचेचाळिशीच्या माणसाला अडवणं अवघड जातं. तिच्या पाठीशी कुणीतरी आहे हे तिला माहीत हवं.

रुग्णवाहिकेच्या १०८ क्रमांकाला आणि जवळच्या रुग्णालयाला तारीख आधी कळवा, आणि थंड करून पाठवलेल्या रुग्णासोबत तापमान आणि वेळ लिहिलेला कागद द्या. बंद केलेल्या रस्त्यातून रुग्णवाहिका कुठून निघणार हे पोलिसांसोबत प्रत्यक्ष गाडी नेऊन बघा.

धावणाऱ्यांसाठी

उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, आणि ती रोज थोडा वेळ उन्हात हळू पळून होते, एकाच दिवशी लांब पळून नाही. ताप, जुलाब, अपुरी झोप किंवा आदल्या रात्रीची दारू असेल तर त्या दिवशी पळू नका, ही सगळी उष्माघाताची नेहमीची पूर्वतयारी आहे. ॲलर्जीच्या, मानसोपचाराच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. पळताना इबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेऊ नका, मूत्रपिंडावर भार येतो. आयोजकांनी दिलेला जाड टी-शर्ट घालायलाच हवा असं नाही. पातळ, फिक्या रंगाचा बनियन बरा. बिबच्या मागे नाव, घरच्यांचा फोन, आजार आणि औषधं लिहा. उकाड्यात आपली सर्वोत्तम वेळ मोडण्याचा विचार सोडा, पहिले पाच किलोमीटर मुद्दाम हळू घ्या. आणि शक्य असेल तर जोडीने पळा, कारण तुमचं बोलणं बिघडलं हे सोबत्याला तुमच्या आधी कळेल.

शर्यतीनंतरचा आठवडा

मंडप उतरवला की काम संपत नाही. वैद्यकीय तंबूत आलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवा: वेळ, किलोमीटर, तापमान, उपचार, आणि त्या वेळचा डब्ल्यूबीजीटी. नावं वगळून ही माहिती इतर शहरांतल्या क्लबांना द्या. महाराष्ट्राची स्वतःची मर्यादा ठरायची असेल तर ती याच कागदांवरून ठरेल. ज्यांना टबात घालावं लागलं त्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी फोन करा. लघवी काळ्या चहासारखी गडद झाली असेल, स्नायू फार दुखत असतील किंवा लघवी कमी होत असेल, तर लगेच रुग्णालयात जायला सांगा. स्नायू विरघळून मूत्रपिंड बंद पडण्याचा तो इशारा असतो. बरं वाटलं तरी किमान आठवडाभर व्यायाम नाही, रक्ताच्या तपासण्या पूर्ववत आल्यावरच पळणं, तेही आधी गार वेळेत आणि हळू. पुढच्या रविवारी दुसऱ्या शर्यतीचं बिब घेऊन ठेवलं असेल तर ते रद्द करायला सांगा, आणि ती तुमचीच शर्यत असेल तर पैसे परत करा.